तरवारीचा खेळ आणि शिकण्याचे शास्त्र

(बी. ए. तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा अभ्यासलेख)

‘खेळ’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरला जातो. परीक्षेच्या दिवसांत मुलगा पुस्तक सोडून दुसरे काही करताना दिसला की वडीलधारी मंडळी ‘हा काय खेळ मांडला आहे?’ असे विचारतात. तीच मंडळी हनुमान जयंतीच्या मिरवणुकीत आखाड्यातला पोरगा पट्टा फिरवू लागला की ‘खेळ पाहायला चला’ म्हणून शेजाऱ्याला हाक मारतात. पहिल्या अर्थी खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय. दुसऱ्या अर्थी खेळ म्हणजे विद्या. प्रस्तुत लेखात मी ज्या खेळाचा विचार करणार आहे तो संगणकाच्या पडद्यावरचा आहे. तेव्हा तो पहिल्या प्रकारात मोडतो, असा वाचकांचा समज होणे स्वाभाविक आहे. हा समज कितपत खरा आहे, हे मानसशास्त्राच्या एका विद्यार्थ्याच्या दृष्टीने तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खेळाचा परिचय

‘सेकिरो : शॅडोज डाय ट्वाइस’ हा खेळ टोकियो येथील फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने तयार केला. हिदेताका मियाझाकी हे त्याचे दिग्दर्शक. मार्च २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘द गेम अवॉर्ड्स’ या समारंभात वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाचा मान त्याला मिळाला. कथानक सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या जपानातले आहे. आशिना नावाच्या एका काल्पनिक डोंगरी राज्यात एक शिनोबी, म्हणजे गुप्तपणे वावरणारा योद्धा, आपल्या बालवयीन धन्याच्या रक्षणासाठी लढतो. आरंभीच त्याचा डावा हात तुटतो आणि त्या जागी यांत्रिक हात बसविला जातो. ‘सेकिरो’ या नावाचा अर्थच एका हाताचा लांडगा असा आहे.

या आरंभीच्या प्रसंगात एक लक्षणीय गोष्ट आहे. गेनइचिरो आशिना या सेनापतीशी होणारी ही पहिली लढाई खेळणाऱ्याने जिंकली तरी कथेत नायकाचा हात तुटतोच. म्हणजे हार हा या खेळाचा प्रवेशशुल्क आहे. पुढेही सोपा, मध्यम, कठीण अशा पायऱ्या निवडण्याची सोय यात नाही. सर्वांसाठी एकच काठिण्य. यावरून २०१९ साली जगभर पुष्कळ वादंग झाले. खेळ सर्वांना खेळता आला पाहिजे असे एका पक्षाचे म्हणणे, तर काठिण्य हाच या खेळाचा आशय आहे असे दुसऱ्या पक्षाचे. हा वाद येथे सोडवावयाचा नाही. ज्या खेळात सवलत नाही तेथे मनुष्य शिकतो कसा, हा आपला प्रश्न आहे.

तोल हेच खरे लक्ष्य

सर्वसाधारण लढाईच्या खेळात प्रतिस्पर्ध्याची जीवनशक्ती कमी करीत न्यावयाची असते. येथे जीवनशक्तीच्या जोडीला ‘तोल’ नावाचे दुसरे माप आहे आणि तेच अधिक महत्त्वाचे आहे. वार ढालीवर किंवा तरवारीवर घेतला तरी घेणाऱ्याचा तोल थोडा ढळतो. ढळत ढळत माप भरले की योद्धा क्षणभर उघडा पडतो आणि एकाच निर्णायक घावात त्याचा शेवट होतो. मोठ्या प्रतिस्पर्ध्यांना असे दोन किंवा अधिक घाव द्यावे लागतात.

ढळलेला तोल काही काळाने आपोआप सावरतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. खेळणारा भिऊन मागे सरला की प्रतिस्पर्धी ताजातवाना होऊन उभा राहतो. उलट, त्याची जीवनशक्ती थोडी कमी केलेली असेल तर त्याचा तोल सावकाश सावरतो. म्हणून आधी थोडे घाव देऊन त्याला अशक्त करावे आणि मग दबाव सोडू नये, असा शहाणपणाचा क्रम ठरतो. दुरून पळत राहणारा आणि आंधळेपणाने चाल करणारा, दोघेही येथे टिकत नाहीत. टिकतो तो समोर उभा राहून वार घेणारा.

अडवणे आणि परतवणे

वार घेण्याचे दोन प्रकार आहेत. बचावाची कळ दाबून ठेवली की वार अडतो. परंतु त्यात आपला तोल ढळतो आणि शेवटी मोडतो. तीच कळ वार अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी दाबली तर वार परततो. मग आपला तोल मोडत नाही आणि समोरच्याचा अधिक ढळतो. परतवलेल्या वाराचा आवाज खणखणीत असतो आणि ठिणग्या मोठ्या उडतात; अडवलेल्या वाराचा आवाज बोथट असतो. त्यामुळे आपण काय केले हे कानालाच कळते. घाबरून कळ वारंवार दाबत सुटणाऱ्यासाठी खेळाने एक दंड ठेवला आहे : अशा वेळी परतवण्याचा तो अल्प अवकाश आणखी आखूड होतो.

येथे मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील एक प्रश्न उभा राहतो. डोळ्यांना खूण दिसल्यापासून बोट हलेपर्यंत मनुष्याला साधारणपणे एक पंचमांश सेकंद लागतो. आवाजाच्या खुणेला त्याहून थोडा कमी. यालाच आपण प्रतिक्रियाकाल म्हणतो. तरवार हलू लागलेली पाहून मग कळ दाबणाऱ्याला लागोपाठ येणारे पाच-सहा वार परतवता येणे कठीण आहे. तरीही सरावलेला खेळाडू ते परतवतो. याचे कारण त्याचे बोट जलद झाले असे नसून, त्याला पुढचा वार आधी कळू लागला, हे आहे. तो पाहून प्रतिक्रिया देत नाही. ताल ओळखून अपेक्षा करतो. भजनात टाळ वाजविणारा मृदंगाची थाप ऐकून मग टाळ मारीत नाही, थापेबरोबरच मारतो. तोच हा प्रकार होय.

धोक्याचे लाल अक्षर

काही वार अडवता येत नाहीत. असा वार येण्यापूर्वी पडद्यावर ‘धोका’ या अर्थाचे लाल जपानी अक्षर चमकते आणि एक विशिष्ट ध्वनी होतो. अशा वारांचे तीन प्रकार आहेत. सरळ भोसकणी आली तर पुढे पाऊल टाकून तरवार पायाखाली दाबावयाची. हा डाव खेळात सुरुवातीलाच विकत घेऊन शिकता येतो. पायांवर आडवा फटकारा आला तर उडी मारावयाची. मिठीत धरण्याचा प्रयत्न झाला तर बाजूला निसटावयाचे. तिन्हींचे उत्तर वेगळे, पण लाल अक्षर मात्र एकच!

म्हणजे खूण ‘सावध’ एवढेच सांगते. ‘काय कर’ हे सांगत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हिक यांनी १९५२ साली प्रयोगांनी दाखवून दिले, की पर्यायांची संख्या वाढली की निवडीला लागणारा वेळही ठराविक प्रमाणात वाढतो. १९५३ साली हायमन यांच्या प्रयोगांतूनही हेच दिसले. खेळाच्या रचनाकारांनी हा नियम पुस्तकातून घेतला की अनुभवाने, हे महत्त्वाचे नाही. पण काठिण्य नेमके येथे आहे. गेनइचिरो उंच उडी घेऊन वरून वार करतो आणि जमिनीवर येताच कधी भोसकतो, तर कधी पायांवर फटकारतो. लाल अक्षराकडे पाहणारा फसतो. त्याच्या खांद्याकडे आणि तरवारीच्या टोकाकडे पाहणारा वाचतो.

अभ्यासाची रीत

हा खेळ मी एका मित्राच्या संगणकावर संध्याकाळी तासभर, याप्रमाणे एका पावसाळ्यात अभ्यासिला आणि त्यासाठी एक वही ठेवली. वहीत तीन रकाने केले : कोणत्या वाराने लढाई संपली, त्या वाराआधी शरीराची कोणती हालचाल दिसली, आणि उद्या कोणती एकच गोष्ट करून पाहावयाची. तिसऱ्या रकान्यात एकाहून अधिक गोष्टी लिहावयाच्या नाहीत, असा नियम ठेवला. एका संध्याकाळी हल्ला मुळीच करावयाचा नाही, केवळ परतवावयाचे. दुसऱ्या संध्याकाळी केवळ भोसकणीची वाट पाहावयाची. या खेळात हानबेइ नावाचा एक अमर योद्धा पडक्या देवळापाशी बसलेला असतो. त्याला मरण येत नाही, म्हणून तो सरावासाठी आपले शरीर देऊ करतो. तेथे एकच डाव हवा तितक्या वेळा घोटता येतो. ज्या विद्यार्थ्याला असा हानबेइ लाभला तो भाग्यवान समजावा.

वहीतून काही गोष्टी स्पष्ट झाल्या. थॉर्नडाइक यांनी १८९८ साली मांजरांना पिंजऱ्यात कोंडून केलेले प्रयोग आपण सर्वांनी वाचले आहेत. मांजर धडपडते, केव्हा तरी कळ निघते, आणि दर खेपेस लागणारा वेळ हळूहळू कमी होतो. नुसती धडपड केली तर मनुष्यही असाच शिकतो, पण फार सावकाश. एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास करून जी कल्पना मांडली ती याच्या पुढची आहे. नेमक्या दोषावर बोट ठेवून, लगेच निकाल कळेल अशा रीतीने केलेला सराव हाच फळतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. वहीचा तिसरा रकाना म्हणजे हीच कल्पना, आपल्या ऐपतीप्रमाणे!

दुसरी गोष्ट पठाराची. चार दिवस प्रगती दिसते आणि मग कित्येक दिवस काहीच हलत नाही. ब्रायन व हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ साली तारयंत्रावर काम शिकणाऱ्यांचे निरीक्षण करून अशा पठारांचे वर्णन केले आहे. त्यांच्या मते शिकणारा आधी अक्षरे ऐकतो, मग शब्द, मग वाक्ये. एका पायरीची सवय पक्की होईपर्यंत वरून प्रगती थांबलेली भासते. या खेळातही तसेच घडले. आरंभी एकेक वार सुटा दिसे. पुढे तीन-चार वारांची साखळी एकच गोष्ट वाटू लागली आणि अखेरीस सबंध लढाईला एक चाल आहे असे जाणवले. अखेरच्या टप्प्यात गेनइचिरो विजेचा प्रहार करतो, तेव्हा हवेत असतानाच ती वीज अंगावर घेऊन जमिनीला पाय लागण्यापूर्वी वार करावयाचा, म्हणजे ती त्याच्यावरच उलटते. ज्या संध्याकाळी हे साधले त्या संध्याकाळी बोटांना घाई नव्हती, असे वहीत नोंदलेले आहे.

आखाड्यातील पट्टा

एवढे झाल्यावर मनात साहजिकच प्रश्न आला, की ही विद्या खऱ्या तरवारीच्या किती जवळची आहे? सुदैवाने याचे उत्तर शोधण्यासाठी जपानला जाण्याची गरज नव्हती. आमच्या गावच्या आखाड्यात एक वस्ताद आहेत. वय सत्तरीच्या पुढे. लाठी, फरी-गदका आणि दांडपट्टा शिकवितात. दिवाळीच्या सुटीत महिनाभर मी त्यांच्याकडे जात असे.

दांडपट्टा हे खास आपल्याकडचे शस्त्र. याचे पाते लांब, सरळ, दुधारी आणि लवचिक. मुठीच्या जागी कोपरापाशी पोहोचणारा लोखंडी खोळा असतो आणि त्याच्या आतली आडवी दांडी मुठीत धरावयाची असते. त्यामुळे मनगट जखडले जाते. साध्या तरवारीचा वार मनगटातून निघू शकतो. पट्ट्याचा वार खांद्यातून, कमरेतून आणि पायांतून निघतो. पाते फिरते राहिले पाहिजे. थांबले की पुन्हा गती देण्यास वेळ जातो. म्हणून पट्टेबाज सतत पवित्रा बदलत फिरत असतो. आखाड्यात वारांना तमाचा, बाहेरा, शिर अशी नावे आहेत. ‘तमाचा’ म्हटले की वार कोठे येणार हे वेगळे सांगावे लागत नाही. फरी-गदक्यात चामडे मढविलेली काठी आणि छोटी ढाल घेऊन हेच वार जोडीदाराबरोबर निर्धोकपणे घोटता येतात.

वस्तादांनी पहिले आठ दिवस हातात काठीसुद्धा दिली नाही. ‘पाय सिकले म्हंजे हात आपोआप सिकतेत, बाबू,’ एवढेच ते म्हणत. पडद्यावरच्या खेळात पायांची काळजी यंत्र घेते. आपण अंगठा हलवितो आणि नायक सरकतो. आखाड्यात दम लागतो, पोटऱ्या भरून येतात आणि समोरून काठी आली की डोळे आपोआप मिटतात. हे डोळे मिटणे खेळात शिकता येत नाही आणि विसरताही येत नाही. कारण तेथे दुखापतीचे भय नाही.

पण एके दिवशी उलट बाजूचा एक अनुभव आला. गेनइचिरोच्या लढाईचे चित्रण मी वस्तादांना मोबाईलवर दाखविले. त्यांनी ते दोनदा मुकाट्याने पाहिले. तिसऱ्या खेपेस, सेनापती उडीवरून खाली येताच आणि लाल अक्षर उमटण्यापूर्वी, ते म्हणाले, ‘आता पायावर मारते पाय.’ आणि खरोखरच पायांवर फटकारा आला. कसे ओळखले असे विचारता म्हणाले, ‘खांदा पडला ना गा त्याचा.’ त्यांनी जन्मात कधी असा खेळ खेळलेला नाही. मला जे ओळखण्यास कित्येक संध्याकाळी लागल्या, ते त्यांनी तिसऱ्या पाहण्यात ओळखले.

एका विद्येचा दुसरीला उपयोग

या अनुभवाचा अर्थ लावण्यास थॉर्नडाइक व वुडवर्थ यांचा १९०१ सालचा सिद्धांत उपयोगी पडतो. एका गोष्टीचा सराव दुसऱ्या गोष्टीला उपयोगी पडतो, तो दोहोंत समान घटक असतील तेवढ्यापुरताच, असे त्यांनी दाखविले. ‘बुद्धीला सर्वसाधारण धार येते’ ही समजूत त्यांनी खोडून काढली. पडद्यावरील खेळ आणि पट्टा यांत हातापायांचा घटक समान नाही. म्हणून खेळाने कोणी पट्टेबाज होणार नाही. समान आहे ते शरीर वाचणे. वस्तादांचे वाचन साठ वर्षांचे, म्हणून ते पडद्यावरही चालले. ग्रीन व बाव्हेलिए यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, जलद हालचालींचे खेळ खेळणाऱ्यांचे दृश्य अवधान इतरांपेक्षा सरस आढळले. हाही शोध अवधानापुरताच आहे. त्यावरून याहून मोठा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही.

मग आपल्या उपयोगाचे काय उरते? माझ्या मते एक गोष्ट निश्चित उरते, आणि ती म्हणजे स्वस्त हार. आपल्या महाविद्यालयातील कितीतरी मित्र पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी धावतात, कितीजण स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेऊन वाचनालयात बसतात. त्यांच्या वाट्याला हार येते ती दीर्घ काळाच्या तयारीनंतर एकदाच, आणि ती फार महाग असते. घरची परिस्थिती, वय, लोकांचे बोलणे, सारे त्या एका निकालाला चिकटलेले असते. अशा हारेतून शिकणे कठीण. कारण ती पाहवतच नाही. उलट आखाड्यातील गदका आणि पडद्यावरचा हानबेइ हे दोघेही हार स्वस्त करून देतात. रोज हरावे, कारण पाहावे, आणि उद्याची एकच गोष्ट ठरवावी. परीक्षेच्या तयारीतही अशा छोट्या, बिनखर्चाच्या हारी मुद्दाम घडवून आणता येतात. वेळ लावून सोडविलेली एक प्रश्नपत्रिका आणि तीन रकान्यांची वही एवढे भांडवल त्यास पुरेसे आहे.

समारोप

शेवटी एका विषमतेकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. जपानी तरवारीवरच्या या खेळाचा प्रत्येक वार जगभरच्या खेळणाऱ्यांनी मोजून, टिपून ठेवला आहे. आपल्या पट्ट्याचे तसे नाही. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत संपादित केला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, ज्याची स्थापना १९१४ सालची, १९३६ साली आपले देशी खेळ बर्लिनपर्यंत नेले. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी’ नावाचा लढाईचा खेळ भारतीय पुराणकथांच्या पार्श्वभूमीवर तयार करून दाखविला. हे सर्व अभिमानास्पद आहे. परंतु आमच्या वस्तादांपाशी सध्या चार मुले शिकतात, आणि त्यांचे पवित्रे कोठेही लिहिलेले नाहीत.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. मानसशास्त्र विभागाने पडद्यावर खेळणारे, आखाड्यात जाणारे आणि दोन्ही न करणारे अशा विद्यार्थ्यांचे प्रतिक्रियाकाल मोजून पाहावेत. प्रयोगवहीसाठी हा विषय उत्तम आहे. आणि जिमखान्याने जिल्ह्यातील, तुमसरपासून पवनीपर्यंतच्या, वस्तादांचे पवित्रे व वार त्यांच्याच तोंडच्या नावांसह चित्रित करून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावेत. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आज चित्रण करणारे यंत्र आहे. त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही. लागेल तो एक हिवाळा आणि थोडी चिकाटी. वस्ताद कोणासाठी थांबत नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत पुन्हा आरंभापासून सुरू करण्याची सोय नाही.